मोमीन बाईंची कुजबूज

मोमीन बाईंना कुणाला काही गुपचूप सांगायचं असलं, की आमच्या स्टाफरूममधले बाकीचे शिक्षक आपणहून उठून बाहेर जायचे. ऐकू येऊ नये म्हणून नव्हे, कारण बाहेर गेलं तरी ऐकू यायचंच. पण नंतर ‘आम्ही तिथं नव्हतो’ असं म्हणायची सोय व्हायची. बाई आधी दाराकडं बघून घ्यायच्या, खुर्ची पुढं ओढायच्या, तोंडाला पदराचा कोपरा लावायच्या आणि मग कुजबुजायच्या. खालच्या मजल्यावर पाचवीचा वर्ग भरलेला असायचा. तिथली पोरं पाढे थांबवून ऐकत बसायची.

बाई मूळच्या इचलकरंजीजवळच्या कबनूरच्या. घराच्या पुढच्या खोलीत यंत्रमाग आणि मागच्या खोलीत माणसं. मागाच्या खडखडाटात ज्याला काही बोलायचं असेल त्यानं ओरडायचं, हे त्या घरचं वळणच. “आमच्यात हळू बोललेलं कुणाला ऐकूच जात नव्हतं ओ सर,” त्या सांगायच्या. “माझ्या आईनं मला अंगाईसुदीक वरडून म्हटलीया. वीज जाऊन माग बंद पडला की मी दचकून जागा व्हायचो.”

जागा व्हायचो. दिवसभर हिंदीच्या तासाला ‘दही खट्टा होता है, खट्टी नहीं’ म्हणून पोरांचे कान धरणाऱ्या बाई स्वतःविषयी बोलताना मात्र, आमच्या कोल्हापूरकडच्या सगळ्या बायकांसारख्या, ‘आलो, गेलो, जेवलो’ असंच बोलायच्या. एकदा सातवीतल्या एका पोरानं धीर करून विचारलं, “बाई, तुम्ही पुल्लिंगी हाय व्हय?” बाईंनी त्याला पुढं बोलावलं. वर्गाला वाटलं, आता हा गेला. बाईंनी पिशवीतून मूठभर फुटाणे काढून त्याच्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, “बरोबर पकडलंस. पाचला थांब.”

पाचला थांब, याचा अर्थ सगळ्या शाळेला ठाऊक होता. पाच वाजता शाळा सुटायची आणि सभागृहाच्या शेजारच्या लांबट खोलीत बाईंचा प्रश्नमंजूषेचा वर्ग भरायचा. सहावी ते आठवीची पोरं. आंतरशालेय सामान्यज्ञान, विज्ञानकोडी, जिल्ह्याचा इतिहास, जी स्पर्धा निघेल तिच्यासाठी बाई संघ तयार करायच्या. हा वर्ग कधी सुरू झाला कोण जाणे. मी चित्रकलेचा शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा तो चालूच होता आणि पोरं त्याला ‘फुटाण्याचा क्लास’ म्हणत होती. कारण बरोबर उत्तराला चॉकलेट नाही, फुटाणे. बाईंच्या मते चॉकलेटनं तोंड चिकटतं आणि फुटाण्यानं मोकळं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात गाठलं. “सर, पाचनंतर घरी जाऊन काय करता?”

“काही नाही. चहा...”

“मग हितंच घ्या की च्या. मला नकाशे काढून पायजेत.”

तेव्हापासून मी त्या वर्गाचा नकाशेवाला, स्पर्धेला जाताना पोरांच्या पिशव्या सांभाळणारा आणि सभागृहात बाईंच्या शेजारी बसणारा माणूस झालो. हे शेवटचं काम सगळ्यांत जोखमीचं होतं, ते पुढं येईलच.

संघ निवडायची बाईंची पद्धत जगावेगळी होती. त्या गुणपत्रिका बघत नसत. सातवीच्या वर्गात जाऊन त्यांनी एकदा गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, “पन्हाळगड हा समुद्रात बांधलेला किल्ला आहे. लिहून घ्या.” वर्गानं लिहून घेतलं. पहिल्या नंबरच्या मुलानं तर वाक्याखाली लाल पेनानं रेघ मारली. बाई बाकांमधून फिरत राहिल्या. तेवढ्यात मागून आवाज आला, “बाई, चूक हाय.”

समृद्धी चौगुले. घरी म्हशी, सकाळी दूध घालून शाळेत येणार, दोन वेण्या आणि त्यातली एक कायम सुटलेली.

“काय चूक हाय?”

“पन्हाळा डोंगरावर हाय. आम्ही सहलीला गेलतो. समुद्रात असता तर एसटी गेली असती व्हय?”

“पुस्तकात तसंच दिलंय म्हटलं तर?”

“मग पुस्तकाला बी सांगा की.”

मूठभर फुटाणे आणि पाचला थांब.

पहिल्या नंबरच्या मुलाची आई दुसऱ्या दिवशी जाब विचारायला आली. माझ्या मुलाला का घेतलं नाही? बाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावलं, “तुमचा पोरगा लई हुशार हाय, वहिनी. पर पन्हाळा मी बुडवला आणि त्यानं खाली लाल रेघ मारली. असला गडी मी स्टेजवर न्हेऊन काय करू?”

त्या वर्षीच्या संघात समृद्धीबरोबर आणखी दोघं होते. अथर्व भोसले हा मुलगा इतका सावकाश होता, की ‘हजर’ म्हणेपर्यंत पुढची तीन नावं होऊन जायची. पण बाईंनी वर्गात ‘चंद्राच्या पलीकडच्या बाजूला काय आहे?’ असं विचारल्यावर सगळे गप्प असताना तो उठून म्हणाला होता, “मला म्हाईत न्हाय. पर कुणीतरी जाऊन बघून आलं असंल, त्याला इचारू.” बाईंना तो तिथंच पसंत पडला. माहीत नसेल तर नाही म्हणायचं, पण मोठ्यानं म्हणायचं, पुटपुटायचं नाही, हा त्यांचा कायदा होता. तिसरा तौफिक शिकलगार. जगातल्या सगळ्या राजधान्या पाठ, आणि वडिलांचं विजेच्या सामानाचं दुकान.

त्या दुकानानं आमचा घात केला.

झालं असं, की मोठ्या स्पर्धांमध्ये बझर असतात. प्रश्न ऐकायचा, आधी बटण दाबायचं, मग उत्तर. आमच्याकडं बझर नव्हते. पोरं ताटलीवर चमचा मारून सराव करायची. तौफिकच्या वडिलांनी ते ऐकलं आणि गिऱ्हाइकांनी परत केलेल्या तीन दारावरच्या बेल एका फळीवर बसवून पाठवून दिल्या. समृद्धीची बेल चिमणीसारखी चिवचिवायची. तौफिकची बेल एका बाईच्या गोड आवाजात म्हणायची, “कृपया दरवाज़ा खोलिए.” आणि अथर्वच्या वाट्याला आरतीची धून आली. एकदा दाबली की अख्खं कडवं संपेपर्यंत ती कशानं म्हणून थांबायची नाही.

पहिल्याच दिवशी तौफिकनं बटण दाबलं आणि शिपाई शामराव धावत जाऊन फाटक उघडून आले. बाहेर कुणी नाही. ते परत येऊन टेकतात न टेकतात तोच पुन्हा ‘कृपया दरवाज़ा खोलिए’. आठवडाभर शामराव फाटक आणि स्टूल यांच्यामध्ये येरझारा घालत होते. बाईंना मात्र ती बेल फार आवडली. “उच्चार बघा सर, किती सोच्छ हाय. ‘ज़’ला नुक्ता हाय तिच्या.”

अथर्वच्या बेलचा प्रश्न वेगळा होता. आरती सुरू झाली की पोरं सवयीनं उभी राहून हात जोडायची. मी एकदा म्हणालो, “बाई, वायर काढू का? वेळ जातोय.” बाईंनी डोळे वटारले. “आरती मधी तोडायची न्हाय, सर. उत्तर काय पळून चाललंय व्हय?” आणि स्वतः डोक्यावरचा पदर नीट करून उभ्या राहिल्या. कडवं संपलं. सगळे खाली बसले. बाई म्हणाल्या, “हं, बोल अथर्व.” अथर्व म्हणाला, “बाई, प्रश्न काय हुता?”

याचा परिणाम इचलकरंजीच्या स्पर्धेत दिसला. तिथं खरेखुरे बझर होते, एकदाच ‘टर्र’ करणारे. अथर्वनं सगळ्यांच्या आधी बटण दाबलं, उठून उभा राहिला आणि हात जोडून शांतपणे थांबला. प्रश्न विचारणारे गृहस्थ बघतच राहिले. वेळ संपल्याची घंटा झाली तरी याचे हात जोडलेलेच.

दुसरी अडचण होती चर्चेची. स्पर्धेचा नियम असा, की उत्तर देण्याआधी संघानं आपापसांत हळू आवाजात चर्चा करावी. आता हळू आवाजात बोलणं मोमीन बाई कुणाला काय कपाळ शिकवणार? त्यांचं पाहून पोरंही तशीच कुजबुजायची. त्यामुळं आमच्या संघाची चर्चा इतर संघांना फार उपयोगी पडायची. लॉकडाऊनमध्ये सगळ्या शाळांचे ऑनलाइन वर्ग रेंजअभावी बंद पडत होते तेव्हा बाईंच्या गल्लीतली पोरं खिडकी उघडून त्यांचा तास ऐकायची, असं लोक सांगत. मला ते खोटं वाटत नाही.

आणि मग कुजबुजीचं ते प्रकरण घडलं.

शहरातल्या एका मोठ्या सभागृहात स्पर्धा होती. आमच्यासमोर एक इंग्रजी माध्यमाची शाळा. पोरांना कोट, टाय, छातीवर बिल्ले. आमची पोरं त्यांच्याकडं लग्नातल्या वाजंत्र्यांकडं बघावं तशी बघत होती. फेरी रंगात आली होती. त्या शाळेला प्रश्न आला, नृसिंहवाडीला कोणत्या दोन नद्यांचा संगम होतो? कोटवाली पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांना आलं नाही, तर प्रश्न आमच्याकडं येणार होता. आमच्या तिघांचे डोळे चमकत होते. माझ्या शेजारी बाईंना राहवलं नाही. त्यांनी तोंडाला पदराचा कोपरा लावला, माझ्या कानाशी वाकल्या आणि कुजबुजल्या, “कृष्णा आणि पंचगंगा! एवढं बी न्हाय व्हय येत?”

मग कोटातल्या एका पोरानं तत्परतेनं माइक ओढला आणि म्हणाला, “कृष्णा आणि पंचगंगा.” वर ‘थँक यू मॅडम’ म्हणाला.

स्टेजवरून समृद्धी ओरडली, “बाई, तुम्ही कुणाच्यातनं हाय?”

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी जाहीर केलं, प्रेक्षकांतून उत्तर आल्यामुळं प्रश्न रद्द. बाई ताडकन उठल्या. “प्रेक्षकांतनं कुठं? मी सरांच्या कानात सांगितलं! तुम्ही ऐकलंसा कशाला?”

अशा प्रकारे बाईंना बाहेर जायची विनंती करण्यात आली. त्या गेल्या आणि पार्किंगमध्ये रखवालदाराच्या शेजारी बसल्या. ही गोष्ट इतर आयोजकांच्याही कानावर गेली असावी. त्यानंतर आम्ही कुठंही गेलो, की दारातच कुणीतरी अदबीनं विचारायचं, “मॅडम, तुमच्यासाठी बाहेर खुर्ची टाकू का?” पुढं पुढं तर बाई आपणहूनच बाहेर थांबायला लागल्या. “तुम्ही जावा सर आत. माझा माझ्या तोंडावर भरोसा न्हाय.” मग मी खिडकीजवळची जागा धरायचो आणि ड्रॉइंगच्या कागदावर मोठ्या अक्षरात गुण लिहून काचेला लावायचो. बाहेर बाई आणि रखवालदार तो वाचायचे. कोल्हापुरातल्या सगळ्या सभागृहांच्या रखवालदारांशी बाईंची ओळख झाली ती अशी. कुणाची मुलगी कितवीत आहे, हे त्यांना तोंडपाठ असायचं.

त्याच वर्षी मुख्याध्यापक घोरपडे सरांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. घोरपडे सर वाईट माणूस नव्हे. शाळेचं नाव व्हावं, फाटकावर फ्लेक्स लागावा आणि त्या फ्लेक्सवर आपला फोटो असावा, एवढीच त्यांची साधी इच्छा असायची. “मोमीन मॅडम,” ते म्हणाले, “बेलच्या आवाजाबद्दल समोरच्या बंगल्यातून तक्रार आली आहे. शामरावांचे गुडघे धरलेत. आणि एवढं करून आपल्याला कप कुठं मिळतो? यंदा जिल्ह्याच्या स्पर्धेत काहीतरी दिसलं पाहिजे. नाहीतर पुढच्या जूनपासून पाच वाजता शाळेला कुलूप.”

बाई बाहेर आल्या. जिन्यात मला गाठून कुजबुजल्या, “कप आणलाच पायजे, सर.” ऑफिसातून घोरपडे सरांचा आवाज आला, “तेच म्हणतोय मी!”

त्या महिन्यात बाईंनी पोरांना घासूनपुसून लख्ख केलं. बेलची फळी कपाटावर गेली, ताटली-चमचा परत आला. रविवारी सुद्धा पोरं शाळेत. समृद्धीचे वडील दुधाच्या गाडीवरून तिला सोडून जायचे आणि जाताना सगळ्यांना ताक देऊन जायचे. अथर्वला चपळ करण्यासाठी बाईंनी त्याच्याकडं फुटाणे फेकून झेलायला लावले. पहिले आठ दिवस तो फुटाणा पडल्यावर हात पुढं करायचा. नंतर नंतर झेलायला लागला.

जिल्ह्याची स्पर्धा एका कॉलेजच्या सभागृहात होती. घोरपडे सर नवा सफारी घालून पहिल्या रांगेत. मी खिडकीत. बाई बाहेर रखवालदाराशेजारी, मांडीवर फुटाण्याची पिशवी. समोर तीच कोटवाली शाळा. आणि आमची पोरं त्या दिवशी अशी काही खेळली, की मी कागद लावून लावून दमलो. शेवटच्या प्रश्नाला आम्ही अगदी थोड्या गुणांनी मागं होतो. तो प्रश्न आमचा होता. आला तर कप आमचा.

“पन्हाळ्यासारख्या डोंगरमाथ्यांवर सापडणारा, घरबांधणीत वापरला जाणारा, तांबूस रंगाचा, भोकाभोकांचा दगड कोणता?”

समृद्धीनं तोंड उघडलं. पण माइक अथर्वच्या पुढ्यात होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच अथर्वनं बोलायची घाई केली. फुटाणा झेलावा तसा त्यानं माइक झेलला आणि म्हणाला, “तांबा!”

माइक खरखरत होता. प्रश्न विचारणारे गृहस्थ आनंदानं ओरडले, “जांभा! अगदी बरोबर!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. घोरपडे सर उभे राहिले, खिशातून फोन काढला आणि तिथल्या तिथं फ्लेक्सवाल्याला ऑर्डर दिली. मी कागदावर ‘जिंकलो’ लिहून काचेला लावलं. बाहेर बाईंनी रखवालदाराची ओंजळ फुटाण्यांनी भरली. रस्त्यानं जाणाऱ्या एका अनोळखी माणसालाही थांबवून त्यांनी दिले, “घ्या पावणं, आमची पोरं जिंकली!”

आणि आत समृद्धीनं माइक हातात घेतला.

“सर, चूक हाय. ह्यो जांभा न्हाय म्हणाला. ह्यो तांबा म्हणाला.”

गृहस्थांनी अथर्वकडं पाहिलं. “काय रे बाळ, तू काय म्हणालास?”

अथर्व नेहमीच्या सावकाशपणे उठला. सगळं सभागृह त्याच्याकडं बघत होतं. त्यानं एकदा समृद्धीकडं पाहिलं, एकदा टेबलावरच्या कपाकडं पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाला, “तांबा म्हणालो. मला जांभा म्हाईतच न्हाय.”

परीक्षकांनी डोकी एकत्र आणली. गुण परत घेतले. आम्ही दुसरे.

मी खिडकीवरचा कागद काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर ‘दुसरे’ लिहिलं आणि काचेला लावलं. पुढच्या क्षणी बाई दारात. त्यांना कुणी अडवलं नाही, अडवायची कुणाची छाती झाली नसती.

“कोण म्हणालं चूक हाय म्हणून?”

“मी, बाई.”

“अगं माझे आई, एक डाव तोंड मिटून बसायला काय झालतं?”

समृद्धीचे डोळे भरून आले, पण मान खाली गेली नाही. “बाई, मला निवडलं कशापायी? चूक हाय म्हटलं म्हणूनच की.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कोटवाली पोरं कपाबरोबर फोटो काढत होती. बाई त्या कपाकडं बघत राहिल्या.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीकडं तोंड करून गप्प. पोरं घाबरली. तौफिक माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “सर, बाईंना ताप आलाय काय?” मी सगळ्यांना एका मिसळीच्या दुकानात घेऊन गेलो. बाईंनी मिसळ कालवली, एक घास घेतला, कट मागवला, तरी गप्पच. दुकानातलं एवढं शांत टेबल बघून वाढप्याला सुद्धा चुकल्यासारखं झालं, त्यानं न मागता शेव आणून टाकली. आणि मग पाव मोडता मोडता बाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. मी पाणी पुढं केलं.

“तांबा!” बाईंना हसू आवरेना. “आरं अथर्व्या, तांब्याची घरं बांधत्यात व्हय रं? पन्हाळ्यावर काय पितळेचा बुरूज हाय? आणि खिडक्या कशाच्या, स्टीलच्या?”

अथर्व गंभीरपणे म्हणाला, “बाई, त्यांनी तांबूस म्हटलं. म्हणून म्हटलं, तांब्याचंच काय तरी असंल.”

मग सगळेच हसले. शेजारच्या टेबलावरची माणसंही हसली, त्यांना काय झालं ते माहीत नसताना. समृद्धी हसता हसता रडत होती. बाईंनी आपल्या ताटलीतला पाव तिच्या ताटलीत टाकला. नंतर हात धुवायला गेलो तेव्हा माझ्याजवळ येऊन, पदर तोंडाला लावून कुजबुजल्या, “सर, पोरगी बरोबर वागली. मला जमलं नसतं. पर कप लई देखणा हुता ओ.” सगळं दुकान माना हलवून ‘खरं आहे’ म्हणाल्यासारखं बघत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकावर फ्लेक्स झळकत होता. घोरपडे सर गडबडीत फ्लेक्सवाल्याला दुसरा फोन करायचं विसरले होते. ‘जिल्ह्यात प्रथम! अभिनंदन!’ मधोमध घोरपडे सरांचा हसरा फोटो, खाली ‘प्रेरणास्थान’. कोपऱ्यात तिकिटाएवढी तीन पोरं. बाईंचा फोटो मिळाला नसावा, त्यांच्या जागी गुलाबाचं फूल छापलं होतं.

घोरपडे सर कपाळाला हात लावून उभे. फ्लेक्स काढावा तर गल्लीनं तो पाहिला होता. ठेवावा तर खोटं. शेवटी मला बोलावणं आलं. “तुम्ही चित्रकार आहात. त्या ‘प्रथम’वर एक बारीकसा कागद चिकटवा. ‘द्वितीय’ लिहा. लहान लिहा.”

मी शिडीवर चढून लहान अक्षरात लिहिलेला कागद चिकटवत होतो, तोवर खाली बाई आल्या. “ओ सर! हे काय करालाय? दुसरा नंबर काय चोरून आणलाय व्हय? मोठं लिहा की!”

मी घोरपडे सरांकडं पाहिलं. ते काही बोलायच्या आत फाटकाशी जमलेले पालक म्हणाले, “मोठं लिहा, मोठं लिहा.” मग मी पूर्ण ड्रॉइंग पेपर घेतला आणि लाल रंगात असं ठळक ‘द्वितीय’ रंगवलं, की त्याची वेलांटी घोरपडे सरांच्या कानावर गेली. बाई रस्त्याच्या पलीकडं जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, “आता दिसालंय.”

त्या फ्लेक्सनं वर्ग वाचवला. महिनाभर तो फाटकावर राहिला. येणारा-जाणारा घोरपडे सरांना थांबवून म्हणायचा, “सर, तुमची ती खरं बोलणारी पोरं हीच काय?” पालक आपापल्या मुलांना घेऊन विचारायला यायचे, पाचचा क्लास कुठं असतो. आता ज्या वर्गाचे आपण प्रेरणास्थान, त्याला कुलूप कसं लावणार? जूनमध्ये घोरपडे सरांनी स्वतः सभागृह उघडून दिलं, कारण लांबट खोलीत पोरं मावेनात. फक्त एक अट घातली, ‘कृपया दरवाज़ा खोलिए’ घरी पाठवा. शामरावांनी त्या दिवशी पेढे वाटले.

पुढं चार-पाच वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात घोरपडे सरांनी त्यांच्यापुढं माइक सरकवला, तसं पहिल्या रांगेतल्या शिक्षकांनी खुर्च्या थोड्या मागं घेतल्या. पण बाईंनी माइक बाजूला ठेवला. म्हणाल्या, “मला लई बोलायचं न्हाय. पोरांनो, चुकलासा तर मोठ्यानं चुका.” आणि खाली बसल्या. संघाची पोरं तोवर कॉलेजात गेली होती. समृद्धी साडी नेसून आली होती, दोन्ही वेण्यांचा एकच आंबाडा घातलेला. तिनं बाईंना कसलीशी शाल दिली. बाईंनी ती तिथंच उलटी करून वीण तपासली.

नंतर गाठभेट कमी झाली. पाचचा वर्ग आता एक तरुण शिक्षिका घेते, छान घेते, तिच्याकडं खरे बझर आहेत. मी नकाशे काढून देतो.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मी एका मैदानावरून चाललो होतो. मधूनच एक स्कूटी घरघरत माझ्या बाजूनं गेली. वर मोमीन बाई. पाठ ताठ, पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर हेल्मेट, दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर वर तरंगत ठेवलेले. मागून एक घामाघूम झालेली मुलगी पळत होती, बायकांना गाडी शिकवणारी असावी.

“सर!” बाईंनी मान न वळवता हाक मारली. “घरातली कशी हायत?”

मी ‘बरी आहेत’ म्हणेपर्यंत त्या मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचल्या होत्या. मी थांबलो. वळसा घालून त्या पुन्हा आल्या.

“बरी आहेत!” मी म्हणालो. “हे काय नवीन?”

पुढच्या वळशाला उत्तर आलं. “लेक म्हणती, रिक्षा कर. मी म्हटलं, कशाला? शिकतो की!”

त्यांच्या मागची मुलगी आता पळायची थांबून सावलीत बसली होती. आणखी एक वळसा. “फुलराणी नाव ठेवलंय गाडीचं!” आणखी एक. “तुमचा सांधा दुखत हुता, तो दुखायचा राहिला काय?” मी एका जागी उभा राहून ओरडत होतो आणि त्या फिरत फिरत. मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून आमचं बोलणं ऐकत उभी होती.

मला शाळेला उशीर होत होता. पुढच्या फेरीला मी हात केला. “येतो मी, बाई!”

“असं कसं? थांबा की, च्या घेऊन जावा!”

“मग थांबवा गाडी!”

त्या पुढं गेल्या. धूळ उडाली. मैदानाच्या पलीकडच्या कडेला, उन्हात, फुलराणी अगदी सरळ रेषेत धावत होती. तिथूनच, तेवढ्या लांबून, बाईंचा आवाज आला, स्वच्छ, शब्दन् शब्द.

“ते उद्याच्याला शिकवणार हाईत!”